काकींना आधी विचारूया

फोंडा, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काकींचा स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरल्याचे तुझ्या पत्रातून कळले आणि मन फार अस्वस्थ झाले. त्या खचतील म्हणून त्यांना काहीच सांगायचे नाही, असे तुम्ही भावंडांनी मायेपोटीच ठरवले आहे, हे मी जाणतो. तरीही त्यांनी मला सरळ विचारले, तर 'पोटाला सूज आहे' असे माझ्याने सांगवणार नाही, हे आधीच कळवतो.

निदान लपवण्याची रीत आपल्याकडचीच आहे, असे समजू नकोस. अमेरिकेत १९६१ साली झालेल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला कर्करोग न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. मधल्या काळात उपचार सुधारले, आणि रुग्णाचा अधिकारही मान्य होत गेला.

शिवाय लपवलेले टिकत नाही. केमोसाठी शेजारच्या खाटेवर कोण आहे हे काकींना दिसेल. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली की त्या ओळखतील, आणि घरातले सगळे विषय टाळत असल्यामुळे ती भीती कोणापाशी बोलता येणार नाही. मला सर्वांत जास्त काळजी याच एकटेपणाची वाटते. केमो घ्यायची की नाही, सावईवेऱ्याच्या कुळागराची, म्हणजे सुपारीच्या बागेची, व्यवस्था काय लावायची, हे त्यांनीच ठरवायचे आहे. अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. पण आजारच ठाऊक नसेल, तर तो हक्क त्या वापरणार कशा?

सगळे एका दमात सांगावे, असे माझे म्हणणे नाही. आधी विचारायचे, 'काकी, तुम्हांला काय वाटतंय? सगळं ऐकायचंय, की सुहासशी बोलू?' 'त्याच्याशीच बोला' म्हणाल्या, तर तोही त्यांचा निर्णय, आणि मी तो पाळीन. ऐकायचे असेल, तर थोडे सांगून थांबायचे, रडू आले तर रडू द्यायचे. आजार पूर्ण बरा होणार नाही हे सांगताना वेदना आटोक्यात ठेवता येतात हेही त्याच बैठकीत सांगायला हवे. त्यासाठी मॉर्फिन आहे, वेदना आणि इतर त्रास कमी करणारी उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर) आहे. ती सेवा अगदी शेवटासाठी राखून ठेवू नकोस. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावरील २०१० च्या एका अभ्यासात ती सुरुवातीपासून मिळालेले रुग्ण अधिक बरे जगले, आणि सरासरीने अधिक काळही.

रविवारी मी येतो. त्याआधी भावंडांशी बोल, आणि स्कॅन व बायोप्सीचे कागद काढून ठेव.

तुझा,
अनंत