बँकेतल्या माणसांना ग्राहकांशी बोलू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर काम करतो. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण उद्या परत त्याच खुर्चीत बसायचंय. तुमच्या पेपरात बँकांबद्दल पत्रं येतात ती बहुतेक ग्राहकांची असतात आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी रास्तच असतात, म्हणून म्हटलं एक पत्र खिडकीच्या आतून पण जाऊ दे.

माझं म्हणणं एवढंच आहे की बँकेनं आपल्या ग्राहकांसाठी साध्या मराठीत नियमित लिहावं, आणि ते एखाद्या जाहिरात एजन्सीकडून न लिहून घेता ब्रँचमध्ये बसणाऱ्या स्टाफनं लिहावं, खाली स्वतःचं नाव टाकून. आत्ता बँक ग्राहकाशी काय बोलते ते बघा. दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज, ज्यात चेअरमनसाहेबांचा फोटो मजकुरापेक्षा मोठा. वर्षातून एकदा गुळगुळीत कागदावरचा अहवाल. आणि एरवी इंग्रजीतले एसएमएस, केवायसी अपडेट करा नाहीतर खातं बंद होईल छापाचे, आणि फ्रॉडवाले पण हुबेहूब तसलेच मेसेज पाठवतात, मग खरा कुठला आणि खोटा कुठला हे विचारायला लोक काउंटरवर येतात. येतात ते बरंच आहे म्हणा, न विचारता लिंक दाबण्यापेक्षा.

१३ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले तेव्हाची गोष्ट सांगतो. आमच्या बँकेचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, पण टीव्हीवर तिथल्या ग्राहकांच्या रांगा दिसल्या आणि इकडे आमच्याकडे लोक एफडी मोडायला हजर. एका आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार एफडीच्या पावत्या काढून ओळीनं मांडल्या आणि म्हणाले, बाळा खरं काय ते सांग, आपली बँक कशी आहे? आता मी काय सांगणार, हेड ऑफिसचा फोन येऊन गेलेला की ग्राहकांशी या विषयावर काही बोलू नका, सर्क्युलर येईल. सर्क्युलर आलं ते आठवड्यानं, इंग्रजीत, आणि तेही स्टाफसाठी. तोपर्यंत व्हॉट्सॲपवर सहकारी बँकांची कुठली कुठली यादी फिरून झाली होती.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बँकेच्या नावानं चार परिच्छेद मराठीत बाहेर पडले असते तर निम्मी गर्दी कमी झाली असती असं मला वाटतं. लिहायला होतं की बरंच. ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी तो १ लाखच होता. विम्याचा हप्ता बँक भरते, ग्राहकाच्या खिशातून काही जात नाही. हे ५ लाख मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेतल्या सगळ्या ब्रँचेस मिळून, म्हणजे गावातल्या ब्रँचमधली निम्मी एफडी काढून तालुक्याच्या ब्रँचला ठेवली तरी उपयोग शून्य (असे कितीतरी जण करतात, आणि आपण फार हुशारी केली असं त्यांना वाटत असतं). निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची असा कायदा २०२१ साली झालाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. बाजारपेठेत बँक आणि पतसंस्था शेजारी शेजारी, बोर्ड सारखेच, दोन्हीकडे ओळखीचीच माणसं, लोकांना फरक कळणार कसा, कुणी सांगितलाच नाही तर?

मान्य आहे की विम्याचं सांगितलं म्हणून ५ लाखांच्या वर ठेव असलेला माणूस निर्धास्त होत नाही. त्याला बँकेचा एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, किती, ऑडिटमध्ये काय निघालं हे पण सांगावं लागेल. मग सांगा ना. अहवालात कुठेतरी मागच्या पानांवर छापताच की.

दुसरी गोष्ट कर्जाची. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला, प्रत्येक वेळी बातमी आली की दुसऱ्या दिवशी कर्जदार विचारणार, साहेब माझा हप्ता कधी कमी होणार? व्यापारी बँकांना फ्लोटिंग रेटचं, म्हणजे बदलत्या दराचं, गृहकर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावं लागतं, आम्हा सहकारी बँकांना ते बंधन नाही, आमचा दर आमचं बोर्ड ठरवतं. हे खरं उत्तर आहे, पण ते द्यायला सगळे कचरतात, म्हणून वरून कळवतील असं काहीतरी मोघम सांगून कर्जदाराला परत पाठवायचं. त्यापेक्षा लिहा की, ठेवी आम्ही जुन्या चढ्या दरानं घेतल्यात त्यामुळे कर्जाचा दर लगेच उतरवता येत नाही. पटेल न पटेल, पण माणसाला कारण तरी कळेल.

नॉमिनीचं पण तसंच. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, पण नॉमिनी म्हणजे पैशाचा मालक नव्हे, तो वारसांच्या वतीनं पैसे ताब्यात घेतो, ही गोष्ट घरात भांडणं लागल्यावरच लोकांना कळते, आणि ती भांडणं आमच्या काउंटरवर होतात. यावर आमच्या ठेव विभागातल्या मॅडम इतकं सोपं करून सांगतात की ऐकत राहावं, पण त्यांचं ऐकायला समोर एका वेळी एकच माणूस असतो.

हे मी मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा साहेब म्हणाले, गुप्ततेचं काय? अहो, कुणाच्या खात्यात किती आहेत हे थोडंच लिहायचंय, नियम तर सगळे उघडच आहेत. दुसरी शंका अशी की लोक मजकुराखालच्या प्रतिक्रियांत शिव्या घालतील. घालू देत, नाहीतर त्या शिव्या चहाच्या टपरीवर चालूच असतात, तिथे उत्तर द्यायला बँक नसते एवढंच. कुणी खाते नंबर किंवा मोबाइल नंबर टाकला तर तेवढा उडवा, तक्रार राहू द्या आणि तिला उत्तर द्या. मजकूर एका जबाबदार अधिकाऱ्यानं वाचून दोन दिवसांत ओके करावा, तो बोर्डाच्या मंजुरीला पाठवला तर रेपो रेट परत बदलेपर्यंत छापून यायचा नाही.

आणि हे सगळं बँकेच्या अधिकृत वेबसाइटवरच असावं. आता बँकांच्या पत्त्याच्या शेवटी बँक डॉट इन असतं, ते बघायची सवय ग्राहकाला त्यातूनच लागेल. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी मोठ्या टायपात प्रिंट काढून पासबुक प्रिंटरशेजारी लावा, तिथे माणूस पाच-दहा मिनिटं उभा असतोच. तिथे सध्या आमच्याकडे २०१९ चं सुट्ट्यांचं कॅलेंडर आहे.

तुमच्या वाचकांत सहकारी बँकांचे सभासद बरेच असतील. सप्टेंबर अखेरपर्यंत सगळीकडे वार्षिक सभा होतात, तिथे अध्यक्षांच्या परवानगीनं येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत एवढा एक विषय कुणीतरी उभं राहून मांडावा अशी विनंती. आम्ही स्टाफनं मांडला तर त्याची नोंद होत नाही, सभासदानं मांडला तर प्रोसिडिंगमध्ये लिहावा लागतो. फक्त जेवणाच्या आधी मांडा, नंतर हॉलमध्ये कुणी थांबत नाही.

आपला,
एक सहकारी बँक कर्मचारी,
जि. सातारा