बॅकअप 'सक्सेसफुल' दाखवत होतं आणि फाइल निघाली २० बाइटची: तक्रार पत्र

फोंडा, गोवा
८ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ५ ऑगस्टच्या मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) अपग्रेडनंतर बॅकअप बंद पडला, १७ दिवस कोणाला कळलं नाही आणि माझ्या ग्राहकांचा डेटा गेला त्याबद्दल

नमस्कार,

मी तुमचा साडेचार वर्षांचा ग्राहक, तुमच्या व्हीपीएसवर (भाड्याने घेतलेल्या आभासी सर्व्हरवर) ११ किराणा दुकानांचं बिलिंग आणि उधारीचं सॉफ्टवेअर चालवतो, दुकानं फोंडा, सावईवेरे, डिचोली आणि साखळीकडची. दोनदा तक्रारीचं टिकिट टाकलं, दोन्ही वेळा तुम्ही 'रिझॉल्व्ह' करून बंद केलं, म्हणून आता सगळं एका जागी सविस्तर लिहितोय, कृपया पूर्ण वाचा.

२२ ऑगस्टला शुक्रवारी पहाटे सर्व्हर बंद पडला. सकाळी सपोर्टला फोन केला तर कळलं की ज्या मशीनवर माझा व्हीपीएस होता तिचा रेड कंट्रोलर (डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) गेला आणि जाताना दोन्ही डिस्कवरचा डेटा खराब करून गेला. ठीक आहे, हार्डवेअर आहे, जातं कधीतरी, त्यासाठी मी भांडत नाहीये. त्यासाठीच तर मी दर महिन्याला डेली बॅकअपचे वेगळे पैसे भरतो. सपोर्टचा मुलगा म्हणाला घाबरू नका, १४ दिवसांचे बॅकअप आहेत, पॅनलवर सगळे सक्सेसफुल दिसतायत, तासाभरात रिस्टोर करतो.

तासाभराने डेटाबेस आला तो पूर्ण रिकामा.

मग मी पॅनलमधून एकेक फाइल स्वतः डाउनलोड केली. २१ ऑगस्टची २० बाइट. २० ची २० बाइट. १९ ची पण. १४ च्या १४ फाइली २० बाइटच्या आणि प्रत्येकीपुढे हिरवी टिक. ज्याने हे काम केलंय त्याला २० आकडा बघूनच कळतं, काहीच नसलेलं इनपुट जीझिपला (फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला) दिलं की बरोबर २० बाइटची फाइल तयार होते, नुसतं वेष्टन, आत काही नाही.

कारण शोधायला मला तीन दिवस लागले कारण बॅकअपचा लॉग तुम्ही तीन दिवसांनी दिलात. ५ ऑगस्टच्या रात्री तुम्ही मायएसक्यूएल ८.० वरून ८.४ वर नेलं. अपग्रेड करायलाच हवं होतं, ८.० चा सपोर्ट एप्रिल २०२६ ला संपतोय. पण ८.४ मध्ये जुनी पासवर्ड पद्धत, म्हणजे मायएसक्यूएल नेटिव्ह पासवर्ड, डिफॉल्टने बंद असते, आणि हे काही अचानक आलेलं नाही, ८.०.३४ पासूनच ती पद्धत जाणार म्हणून सांगून ठेवलं होतं. माझं ॲप डेटाबेसमध्ये ज्या युजरने लॉगिन करतं तो नव्या पद्धतीचा, त्यामुळे दुकानं नीट चालू राहिली आणि मला काही कळायचं कारणच नव्हतं. तुमच्या बॅकअपचा युजर मात्र जुन्या पद्धतीचा, त्याला त्या रात्रीपासून लॉगिनच मिळालं नाही. लॉगमध्ये १७ रात्री तीच ओळ आहे, त्या जुन्या पद्धतीचं प्लगइन लोड नाही.

आता ती टिक हिरवी कशी राहिली ते सांगतो, कारण माझी मुख्य तक्रार हीच आहे. तुमची स्क्रिप्ट मायएसक्यूएलडंपचं (डेटाबेसची कॉपी, म्हणजे डंप, काढणाऱ्या कमांडचं) आउटपुट पाइपने थेट जीझिपला देते आणि शेवटी एक्झिट कोड बघते, शून्य म्हणजे काम नीट झालं. पण बॅशमध्ये (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) अशा जोडलेल्या कमांडचा, म्हणजे पाइपलाइनचा, कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड, म्हणजे इथे जीझिपचा. डंप फेल झाला, जीझिपने मुकाट्याने रिकामी फाइल बनवली आणि कोड शून्य दिला. स्क्रिप्टच्या वरच्या बाजूला पाइपफेल (मधली कमांड फेल झाली तरी सगळं फेल धरायची सेटिंग) सेट केलं असतं, एक ओळ, तर ६ ऑगस्टलाच लाल खूण आली असती. फाइलचा साइज आदल्या दिवसाशी ताडून बघितला असता तरी कळलं असतं, ३८ एमबीची फाइल एका रात्रीत २० बाइट होते आणि तुमची सिस्टिम काहीच बोलत नाही? आणि १४ दिवसांपेक्षा जुने बॅकअप डिलीट करताना नवीन चांगला आहे का हे न बघता तुम्ही डिलीट करत गेलात, म्हणजे जे चांगले बॅकअप होते ते रिकाम्या फाइलींनी बाहेर ढकलले. बिनलॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) होते त्यातून पुढचं काढता आलं असतं, पण ते त्याच डिस्कवर.

माझ्याकडे घरी एक्स्टर्नल डिस्कवर रविवारची कॉपी असते, १७ ऑगस्टची होती, म्हणून सगळं गेलं नाही. गेले ते १८ ते २१ चे चार दिवस. तुम्ही मेलमध्ये लिहिलंत की 'मर्यादित डेटा लॉस'. कृपया हे समजून घ्या की २७ ऑगस्टला चवथ होती. चवथीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे किराणा दुकानाचा वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा, नारळ, गूळ, तूप, रवा, चणाडाळ, माणसं पिशव्या भरभरून नेतात आणि निम्म्याहून जास्त माल उधारीवर जातो, पैसे पगार झाल्यावर. त्या चार दिवसांची ११ दुकानांची उधारी गेली.

फोंड्याच्या बाजारातले एक काका, वय ७० च्या वर, त्यांना मीच दोन वर्षांपूर्वी समजावून सांगून लाल चोपडीवरून कंप्युटरवर आणलं होतं. २३ तारखेला रात्री ११ पर्यंत मी त्यांच्या दुकानात बसलो, ते खाली गोणीवर बसून कार्बन कॉपीच्या बिलांचे तुकडे लावत होते, त्यांची सून फोनवरचे युपीआयचे मेसेज वाचून दाखवत होती आणि मी टाइप करत होतो. साधारण दोन तृतीयांश जुळलं. बाकीच्यांना फोन करून विचारा म्हटलं तर ते म्हणाले, "पुता, लोक खोटं बोलणार नाहीत रे, पण चवथीच्या तोंडावर माझ्याकडून किती नेलंत असं मी कोणत्या तोंडाने विचारू?" त्यांनी विचारलं नाही. ते पैसे मी माझ्याकडून देतोय.

माझी चूक पण आहे ती लिहितो. फाइलचा साइज पॅनलवर एक क्लिक आत दिसतो, मी तो बघितला नाही, आणि जानेवारीनंतर मी एकदाही रिस्टोर करून बघितलं नव्हतं. आता बदललंय. रोज रात्री माझा स्वतःचा डंप रेस्टिकने (बॅकअपच्या प्रोग्रामने) दुसऱ्या कंपनीकडे जातो, दर रविवारी घरच्या जुन्या लॅपटॉपवर तो आपोआप रिस्टोर होतो, उधारीच्या टेबलमध्ये किती ओळी आल्या आणि शेवटची नोंद कधीची ते मोजलं जातं आणि मला मेसेज येतो. मेसेज आलाच नाही तरी अलार्म वाजतो. हे सगळं करायला मला एक संध्याकाळ लागली. तुमच्याकडे तर पूर्ण टीम आहे.

हा विषय पुढे आणखी महत्त्वाचा होणार आहे म्हणून मी एवढं ताणतोय. मार्च २०२६ पासून नवीन एसएसएल सर्टिफिकेट (वेबसाइट सुरक्षित असल्याचा दाखला) जास्तीत जास्त २०० दिवसांचं, २०२७ ला १०० आणि २०२९ ला ४७ दिवसांचं होणार, ही सर्टिफिकेटं फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे मेल या जूनपासून बंद केले, म्हणजे सगळं ऑटोमेशनवर. तुमचं पॅनल सर्टिफिकेट रिन्यू करतं तेव्हाही अशीच हिरवी टिक दाखवतं. ती टिक नेमकं काय तपासून लागते हे मला कळायला हवं.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी कंपनी) एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस उडवला होता आणि मग कळलं की त्यांचेही डंप बरेच दिवस फेल होत होते. त्यांनी सगळं उघड लिहिलं, रिकव्हरी चालू असताना लोकांना लाइव्ह दाखवली. तुमच्या स्टेटस पेजवर २२ ऑगस्टला सगळं नॉर्मल लिहिलंय, आजही तेच आहे.

मला हवंय ते असं. ५ ते २२ ऑगस्ट काय झालं याचा लेखी अहवाल, आणि तो स्टेटस पेजवरही. त्या अपग्रेडमध्ये असलेल्या बाकी ग्राहकांना आजच्या आज कळवा, त्यांच्याकडेही २० बाइटच्या फाइली असतील आणि त्यांना माहीत नसेल, हे माझ्या पैशांपेक्षा आधी करा. स्क्रिप्ट दुरुस्त करा, साइज पॅनलवर समोर दाखवा, आणि शेवटचा तपासलेला बॅकअप डिलीट होणार नाही अशी सोय करा. ऑगस्टची पूर्ण फी आणि बॅकअपचे वर्षाचे पैसे परत हवेत.

तुमच्या सपोर्टच्या मुलावर माझा राग नाही, तो पहिल्यापासून शांतपणे आणि नीट बोलला, त्याला जे पॅनलवर दिसत होतं तेच त्याने सांगितलं. उत्तर ज्यांनी ती स्क्रिप्ट लिहिली आणि ज्यांनी अपग्रेडला मंजुरी दिली त्यांच्याकडून हवंय, चॅटबॉटकडून नको. ३० सप्टेंबरपर्यंत वाट बघतो, नाहीतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार. १४ फाइली, लॉग आणि दोन्ही टिकिटांचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.

आपला ग्राहक,
फोंडा, गोवा