अंगणवाडीचे वेळापत्रक पालकांना विचारून ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंगणवाड्या जिच्यातून चालतात त्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेला २ ऑक्टोबर २०२५ रोजी ५० वर्षे पूर्ण झाली. देशातल्या ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेली ही योजना आज जवळपास प्रत्येक गावात पोहोचली आहे आणि तिच्यावर टीका करणाऱ्यांनीही हे श्रेय तिला दिले पाहिजे. मात्र अंगणवाडी किती वाजता उघडावी, कोणत्या वस्तीत भरावी आणि तिथे लेकरांना काय खायला मिळावे, हे ठरवताना त्यांच्या आईवडिलांचे मत घेण्याची पद्धत आपल्याकडे या ५० वर्षांतही रुजली नाही. पर्यवेक्षिका म्हणून मी याच कामात होते. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

वेळेचीच गोष्ट घ्या. नाशिक जिल्ह्याच्या कांदापट्ट्यात उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस आले की मजूर बायकांच्या टोळ्या सकाळी आठच्या आत पिकअपमध्ये बसून निघतात आणि दिवेलागणीला परततात. अंगणवाडी उघडते दहाच्या सुमारास. मधल्या काळात लेकरू आजीकडे राहते. आजी नसेल तर थोरल्या बहिणीची शाळा बुडते. तीही नसेल तर लेकरू आईबरोबर बांधावर जाते आणि दिवसभर झाडाला बांधलेल्या झोळीत किंवा तिच्या आसपास असते. हजेरीपटावर त्याचे नाव असते, ते स्वतः मात्र तिथे नसते, आणि महिन्याच्या अहवालात ‘पालकांमध्ये जागरूकतेचा अभाव’ असे कारण लिहिले जाते. हे वाक्य मीही अनेक अहवालांत वाचले आहे आणि ते निखालस चुकीचे आहे.

एका वस्तीवर आम्ही पालकांची बैठक दुपारऐवजी रात्री, जेवणखाण उरकल्यावर, मारुतीच्या मंदिरातल्या सभामंडपात घेतली. एरवी कधी न दिसणाऱ्या बाया लेकरांना कडेवर घेऊन आल्या आणि काही बापेही मागे भिंतीला टेकून बसले. खेळणी नाहीत, रंग उडाला आहे, अशा तक्रारींची आमची अपेक्षा होती. बायांनी मागितले एवढेच, की लागवडीच्या आणि काढणीच्या दिवसांत अंगणवाडी साडेसातला उघडावी. सेविकेची तयारी होती, फक्त तेवढ्या लवकर बंद करण्याची मुभा तिला हवी होती. दुपारनंतर लेकरे कोण सांभाळणार, यावरही तिथेच बोलणे झाले आणि दोन आज्यांनी आळीपाळीने बसायचे कबूल केले. प्रस्ताव वर गेला आणि वरच राहिला. कोणी त्याला नकार दिला नाही, कारण होकार देण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हेच कोणाला ठाऊक नव्हते. त्या हंगामात लेकरे पुन्हा बांधावरच गेली.

आहाराबाबतही हेच घडत आले आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी घरी न्यायच्या आहाराची पाकिटे शिरा, उपमा, सुकडी अशा नावांनी वाटली गेली, आणि त्यातली किती पाकिटे गोठ्यात रिकामी झाली, हे गावात सगळ्यांना माहीत होते. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मुळे या वयाच्या बालकाला दिवसाला ५०० उष्मांकांचा आहार मिळण्याचा हक्क आहे. पण पाकिटावर लिहिलेले उष्मांक पोटात जाण्यासाठी ते मुलाने खाल्ले पाहिजे, आणि ते कसे खाईल हे त्याच्या आईइतके दुसऱ्या कोणालाही कळत नाही. आता पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर चेहरा पडताळून हा आहार देण्याची सक्ती आली आहे. गळती थांबावी हा हेतू मान्य आहे. पण या पडताळणीचा ओटीपी ज्यावर येतो तो आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याच्या खिशात, नवरा तालुक्याला आणि बाई शेतात, अशा घराचे काय, हा प्रश्न कोणत्याही आईने पहिल्याच बैठकीत विचारला असता. सेविकांना तो रोज दारात ऐकावा लागतो.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकायची गरज पडू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात. त्यांनी आईबापांना दोष दिला नाही. बालवाडी पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, कारण धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी त्याला बरोबर घेऊनच शाळेत येऊ शकत होती. कुटुंबाचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचे आणि मग सेवेला आकार द्यायचा, हा त्यांचा क्रम होता. योजना राज्यभर आणि देशभर गेली, तेव्हा हा क्रम मागे पडला.

समित्या नाहीत असे नाही. माता समिती आहे, गावाची आरोग्य व पोषण समिती आहे, त्यांची इतिवृत्त वहीही आहे, आणि त्या वहीत ‘सर्वानुमते मंजूर’च्या खाली आगाऊ घेतलेल्या सह्या व अंगठेही आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. मूल सहा वर्षांचे झाले की आईबापाच्या शब्दाला कायद्याने एवढे वजन येते. त्याआधी, म्हणजे त्या शब्दाची सर्वाधिक गरज असते तेव्हा, तसा कोणताही अधिकार त्यांच्या हाती नसतो.

पालकांना विचारले तर ते भलतेच मागतील, असा आक्षेप माझ्या जुन्या सहकारी नेहमी घेतात. त्यात तथ्य आहे. अनेक आईवडील चार वर्षांच्या मुलाला गृहपाठ द्या, एबीसीडी घोकून घ्या, असेच सांगतील, कारण शेजारच्या इंग्रजी शाळेत त्यांनी तेच पाहिले आहे. लसीकरण, वजनाची नोंद, आहारातील प्रथिने या गोष्टी बहुमताने ठरवायच्या नसतात, हेही उघड आहे. परंतु खेळातून मूल कसे शिकते, हे त्यांना एरवी तरी कोण समजावून सांगते? ते बोलणे होण्याची जागाही पालकांची खरीखुरी बैठक हीच आहे.

आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिला सभा घेणे बंधनकारक आहे, आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. म्हणजे नवा कायदा न करताही सुरुवात होऊ शकते. शून्य ते सहा वयोगटातल्या मुलांच्या पालकांची सभा वर्षातून दोनदा, मजुरी बुडणार नाही अशा वेळी, वस्तीवर घ्यावी. एरवी सतरंज्या आणि भांड्यांवर संपणारा तो १० टक्के निधी कशावर खर्च व्हावा, याचा ठराव या सभेने महिला सभेपुढे ठेवावा. सभेचे आवतण बापांनाही द्यावे. मुख्य गावात राहणाऱ्या, बोलक्या, बचत गटातल्या चार बायांनाच ‘पालक’ समजण्याची सवय मोडावी; वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना ते गावी असतील त्या महिन्यांत मुद्दाम विचारावे. सभेने काय मागितले आणि त्यातले काय होऊ शकत नाही व का, याचे लेखी उत्तर प्रकल्प कार्यालयाने एका महिन्यात द्यावे.

आणि हे सारे सेविकेच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नये. तिच्याकडे कामे कमी नाहीत आणि मानधन किती आहे, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. उलट हंगामाप्रमाणे अंगणवाडीची वेळ बदलण्याचा अधिकार सेविका आणि पालक सभा यांना मिळून द्यावा आणि पोषण ट्रॅकरवर ती वेळ नोंदवण्याची सोय करावी. महिला व बालविकास विभागाने पुढच्या कांदा लागवडीच्या आत एवढे एक परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, नाशिक जिल्हा