कृत्रिम रक्तवाहिनी तुंबते ती सांध्याशी

मा. संपादक,

कृत्रिम रक्तवाहिन्यांबद्दल छापून येते ते बहुतेक नव्या पदार्थांविषयी. पण नळी क्वचितच झिजून निकामी होते. ती तुंबते सांध्याशी; डायलिसिससाठी हातात बसवलेली नळी बहुधा शिरेशी शिवलेल्या टोकाला. महाधमनीतली पॉलिस्टरची रुंद नळी वर्षानुवर्षे चालते. तिच्या काही प्रकारांत पृष्ठभागावर आपल्या टर्किश टॉवेलसारखे धाग्यांचे फासे असतात, त्यांत भोवतालची ऊती रुजते. 6 मिमी किंवा त्याहून बारीक नळीचे गणित वेगळे आहे. तिथे आतला थर थोडा जाड झाला तरी वाट बंद.

डायलिसिससाठी हातात बसवतात ती पीटीएफईची (टेफ्लॉन जातीच्या प्लास्टिकची) नळी ताठ असते. धमनीच्या जोराचे रक्त तिच्यातून मऊ शिरेत घुसते, सांध्यापाशी भोवरे होतात आणि शिरेच्या आत स्नायुपेशी वाढू लागतात. शिवाय नैसर्गिक अस्तर टोकांकडून जेमतेम 1-2 सेंमी सरकते, मधला भाग उघडाच राहतो. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या लेपाने गुठळीला अटकाव होतो, पण सांध्यावरच्या वाढीसाठी त्यावर विसंबता येत नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी नुसत्या फुग्याने रुंद केलेले 23 टक्के सांधे मोकळे होते, आवरण असलेला स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) घातलेले 51 टक्के.

म्हणून अरुंदपणा गुठळी होण्याआधी सापडला पाहिजे. डायलिसिस सुरू होताच पंप 200 मिली प्रतिमिनिटावर ठेवून, दर वेळी त्याच मापाच्या सुईने शिरेकडचा दाब नोंदवावा. एका आकड्याने घाबरू नये. डायलिसिसच्या सलग तीन पाळ्यांत तो चढत गेला तर तपासणी हवी. सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागणे, हात सुजणे, नळीवर बोट ठेवल्यावर जाणवणारी थरथर जाऊन नुसते ठोके लागणे, हीही तीच खूण. नळीतला रक्तप्रवाह मिनिटाला 600 मिलीखाली गेला तर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावी.

सुयांची जागा दर पाळीला बदलावी. एकाच जागी टोचत राहिल्यास नळीची भिंत चाळणी होऊन तिथे फुगवटा येतो. सुई काढल्यावर बोटाने दाबावे, पण थरथर थांबेल इतके नाही. त्या हातावर रक्तदाब मोजू नये. डायलिसिसमध्ये अंगातले पाणी फार झपाट्याने काढून रक्तदाब उतरवला, तर चांगली नळीही गोठते.

थरथर गेल्याचे लक्षात आले, तर अक्कलकोट-मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्राला फोन करावा. सोलापुरातल्या केंद्रांनी दाबाची ही नोंद रुग्णाच्या स्वतःच्या वहीतही लिहून द्यावी, म्हणजे केंद्र बदलले तरी मागचे आकडे हाताशी राहतील.

– एक डायलिसिस तंत्रज्ञ, सोलापूर