रोजची भाकर

प्रिय बाळा,
सलाम आणि आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू "सगळं ठीक आहे" म्हणालास. सूनबाईनं नंतर सांगितलं की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तू हिशेबाची वही घेऊन बसतोस. नोकरी जाऊन हा तिसरा महिना, त्यात घराचा हप्ता, चिमणीची फी. आणि मी पाठवलेले पैसे तू परत पाठवलेस. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर बोलायला गेलं की माझा गळा दाटतो, म्हणून कागद घेतला.

तू म्हणालास, "आई, प्रार्थना करतो गं, पण पुढचे सहा महिने कसे निघणार तेच दिसत नाही." बाळा, सहा महिन्यांचं मला जन्मात कधी दिसलं नाही. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजच्यापुरतीच, रोजची भाकर मागतो. लहानपणी ती ओळ मी घडाघडा म्हणायचे. ती कळली 1972 च्या दुष्काळात.

मी तेव्हा आठ वर्षांची. विहिरीला तळ लागलेला, शेतात कुसळ नाही. दादांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, बैलजोडी मिळेल त्या भावात विकली. नंतर कितीतरी दिवस ते पहाटे उठून गोठ्यात जायचे, रिकाम्या गव्हाणीवरून हात फिरवायचे आणि परत यायचे. घरी रोज प्रार्थना होत होती, तरी बैल गेले. हे तुझ्यापासून लपवावं असं मला वाटत नाही.

सरकारी दुष्काळी कामं निघाली होती. महाराष्ट्रभर लाखो माणसं खडी फोडत होती, रस्ते आणि पाझर तलाव खोदत होती. आई-दादा आमच्याकडच्या तलावावर जायचे. कामावर मिळालेली सुकडी आई पदराच्या गाठीत बांधून आणायची. गाठ सुटेपर्यंत आम्ही भावंडं तिच्याभोवती श्वास धरून उभी. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी, यायचा. त्याची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकताना तुटायची. आई पाण्याचा हात लावून तुकडे जोडायची आणि म्हणायची, "पोटात गेली की एकच होते."

एका आठवड्याला कामाचा पगार लांबला. शनिवारी संध्याकाळी आईनं पिठाचा डबा आडवा केला, आतून हात फिरवला, बोटांना लागलेलं पीठ परातीत झटकलं. एक भाकरी झाली असती, तीही लहान. तिनं डबा तसाच उचलला आणि शेजारच्या मावशींकडे निघाली. त्यांच्याकडेही काही कोठारं भरलेली नव्हती. दादा दारात आडवे झाले. "मागायला जाऊ नको. लोक काय म्हणतील?"

आई कधी दादांना उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "एलीयानं मागितली भाकर. तुम्ही त्याच्याहून मोठे का?"

दादा बाजूला झाले.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तू रविवारच्या शाळेत ऐकली आहेस, पण आता घरी बायबल काढून 1 राजे, सतरावा अध्याय पुन्हा वाच. आपण कावळ्यांचं तेवढं लक्षात ठेवतो. देवानं त्याला करीथ ओढ्याकाठी पाठवलं, कावळे सकाळ-संध्याकाळ भाकर नि मांस आणत होते. पुढे काय झालं? ओढा आटला. खुद्द देवानं दाखवलेला ओढा, पाऊस नाही म्हणून आटला. त्यासाठी देवानं एलीयाला बोल लावला नाही, एलीयानंही स्वतःला लावून घेतला नाही. तुझी नोकरी गेली त्यात तुझं काय चुकलं, हे शोधत तू रात्री जागतोस ना? म्हणून हे लिहितेय.

ओढा आटल्यावर देवानं त्याला सारफथला एका विधवेकडे पाठवलं. ती शेवटच्या मूठभर पिठाची भाकर करून लेकासोबत खायची आणि मग मरायचं, या विचारानं काटक्या वेचत होती. अशा बाईकडे त्या संदेष्ट्याला तोंड उघडून पाणी आणि भाकरीचा तुकडा मागावा लागला. कावळ्यांकडून घेणं सोपं असतं रे, कावळा काही विचारत नाही. माणसापुढे हात करायला जड जातं. आणि मडक्यातलं पीठ सरलं नाही असं लिहिलंय, कोठार भरलं असं नाही. तिला रोज मडक्यात हात घालावाच लागला असणार.

मावशींनी डबा अर्धा भरून दिला. घरी येऊन आईनं त्यातली एक मूठ वेगळी काढली, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आंधळ्या म्हाताऱ्यासाठी. रोज काढायची तशीच. मला इतका राग आला होता! उसन्या पिठातली मूठ! आज इतक्या वर्षांनी डोळ्यांपुढे तीच मूठ येते. पगार पुढच्या आठवड्यात झाला, मावशींचं पीठ परत गेलं. काही रात्री आम्ही अर्धपोटी झोपलो, पण त्या दुष्काळातून आमच्या घरातली सगळी माणसं जिवंत बाहेर आली.

आपण दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला गेलो होतो, आठवतं? तू सातवीत होतास. रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई-वडील गमावले होते. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्या पोरींनी भाकर मागितली असेल तेव्हा ती त्यांना रमाबाईंच्या हातून मिळाली. देवाचा हात मी अजून पाहिला नाही, माणसांचे पुष्कळ पाहिले.

विश्वास ठेव म्हणजे हातावर हात धरून बस, असं मी सांगत नाही. इस्राएली लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, पडायचा तोही पहाटे उठून, ऊन तापायच्या आत, वाकून वेचावा लागायचा. सहाव्या दिवशी दुप्पट वेचा असं देवानंच सांगितलं होतं, तेव्हा पुढचा विचार करणं म्हणजे अविश्वास नव्हे. तू अर्ज करतोयस ते करतच राहा. लहानसं काम मिळालं तर घे, कमीपणा मानू नकोस. बँकेत जाऊन हप्त्याचं स्पष्ट बोल, लपवू नकोस. पण रात्री दहाला वही मिटायची. उद्याचा मान्ना आज रात्री वेचता येत नाही.

आणि सूनबाईपाशी मन मोकळं कर. दादा त्या संध्याकाळी बाजूला झाले, त्यानंतर ते जेवताना आईशी जास्त बोलायला लागले होते, हे मला आठवतं.

पैसे पुन्हा पाठवतेय. माझ्या पेन्शनमधले आहेत, मला पुरून उरलेले. या वेळी परत पाठवू नकोस. मावशींनी आईला डबा भरून दिला तेव्हा आईनं तो घेतला होता.

सोबत एसटीच्या पार्सलनं पिशवी येईल, मंगळवारी स्टँडवरून घेऊन जा. शेंगदाण्याची चटणी, सांडगे आणि बाजरीचं पीठ आहे. पीठ आठ दिवसांपुरतंच दळलंय, जास्त ठेवलं की कडू होतं. संपलं की फोन कर, मी पुन्हा दळून पाठवते. तुमच्या खालच्या मजल्यावर ते दोघं म्हातारे राहतात ना, त्यांना गरम असतानाच एक भाकरी नेऊन दे.

तुझी,
आई