पाणी समिती सदस्यांना सूचना : पावसाळ्यातले नळपाणी

सर्व सदस्यांना नमस्कार. पाऊस सुरू झाला आहे. नदीकाठच्या विहिरीचे पाणी गढूळ येतेय, त्यामुळे ओ.टी. चाचणी (नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून, पिवळ्या रंगावरून क्लोरीन उरला आहे का ते बघणे) रोज करावी. नमुना टाकीजवळच्या नळाचा नको, शेवटच्या आळीतल्या नळाचा घ्या. तिथे पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. रंग पिवळा झालाच नाही तर पाणी सोडणाऱ्याला लगेच फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर थेट टाकीत ओतायची नाही. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम घेऊन बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत सोडा. मग अर्धा तास थांबून पाणी सोडा. पोत्याचे तोंड घट्ट बांधा. ओल लागलेली पावडर म्हणजे नुसता चुना, तिचा हिशेब वहीत कितीही नीट लिहिला तरी.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता. आपल्याकडे गटारातून गेलेली जलवाहिनी आहेच. नळाला थेट मोटर लावली की गळतीतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. मोटर लावणाऱ्यांना समजवा, भावकीतले असले तरी.

पाणी स्वच्छ दिसले तरी नायट्रेट, फ्लोराइड उकळून जात नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. बाटल्या ग्रामपंचायतीत ठेवल्या आहेत.