जिबूतीत तळांपलीकडेही काही आहे

मा. संपादक,

तांबड्या समुद्रातल्या जहाजांवरील हल्ल्यांच्या बातम्यांत जिबूतीचे नाव येते ते नकाशापुरते. पूर्व आफ्रिकेतला, तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीच्या तोंडावरचा जेमतेम दहा लाख वस्तीचा देश, तिथे अमेरिका, फ्रान्स, चीन, जपान, इटली यांचे लष्करी तळ, एवढे सांगून बातमी संपते. तिथे राज्य कोण करते, कसे करते, याबद्दल चकार शब्द नसतो. मुंबईच्या वर्तमानपत्रात तरी तो असायला हवा.

मी फोर्टमधल्या एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरी करतो. न्हावाशेव्याहून जाणाऱ्या तांदळाच्या, औषधांच्या कागदांवर बंदर जिबूतीचे असते आणि खाली लिहिलेले असते ‘इन ट्रान्झिट टू इथिओपिया’. १९९८ साली एरिट्रियाशी युद्ध पेटले आणि इथिओपियाला अस्साब, मसावा ही बंदरे बंद झाली. तेव्हापासून त्या अवाढव्य देशाचा बहुतेक सगळा सागरी व्यापार या एकाच दारातून होतो. बंदराची कमाई आणि तळांचे भाडे (एकट्या अमेरिकेचे २०१४ च्या करारानुसार वर्षाला सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर) हा तिथल्या सरकारचा मोठा आधार. पैसा बाहेरून येत असेल, तर सरकारला जनतेची मनधरणी करायची गरज उरत नाही. तिथल्या राजकारणाची मेख मला इथेच दिसते.

१९७७ मध्ये फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळाले. पहिली २२ वर्षे हसन गुलेद राष्ट्राध्यक्ष होते, १९९९ पासून त्यांचे पुतणे इस्माईल उमर गेले हे त्या पदावर आहेत. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळांची मर्यादा घटनेतून काढली. २०२५ मध्ये उमेदवारासाठी असलेली ७५ वर्षांची वयोमर्यादाही संसदेने हटवली. २०२१ च्या निवडणुकीत गेले यांना ९७ टक्क्यांहून अधिक मते पडली, प्रमुख विरोधी पक्षांनी तर बहिष्कारच घातला होता. सत्तेत इस्सा या सोमाली समाजाचे वजन जास्त, म्हणून १९९१ मध्ये तिथल्या दुसऱ्या मोठ्या, अफार समाजातल्या बंडखोरांनी शस्त्र उचलले. अखेरचा समझोता व्हायला २००१ उजाडले. यावर पॅरिस, वॉशिंग्टन, बीजिंग सगळेच मूग गिळून बसतात, कारण प्रत्येकाला आपला तळ टिकवायचा आहे.

आपणही बोलत नाही. २०१५ मध्ये येमेनमधून आपली माणसे ‘आयएनएस मुंबई’सारख्या युद्धनौकांनी जिबूतीला आणली आणि तिथून हवाई दलाच्या विमानांनी ती मुंबईत उतरली. हे उपकार विसरता येणार नाहीत. पण ते त्या देशाचे आहेत, एका घराण्याचे नव्हेत.

आपण जिबूतीवर एक सविस्तर लेख द्यावा. गेले यांच्यानंतर कोण, याचे उत्तर आज कुणाकडे नाही. तिथे सत्तेवरून भांडण पेटले तर इथिओपियाचे धान्य अडेल, आणि आमच्या टेबलावरचे कागदही.

एक वाचक, दादर, मुंबई